कोरड्या खोलीतलं पाणी

"हे असं दिसायला पाहिजे," असं म्हणत नेमोतोने एक मोठा फोटो चुंबकाने फळ्याला लावला. "आणि हे आपलं."

दुसरा फोटो त्याने शेजारी लावला. सकाळच्या सभेला उभ्या असलेल्या बायका माना पुढे काढून बघू लागल्या. पहिल्या फोटोतला पत्रा लख्ख सोनेरी होता, देव्हाऱ्यात बुद्धाच्या मागे असतो तसा. दुसराही सोनेरीच, पण त्यावर ठिकठिकाणी काळपट चट्टे पडलेले. भिंतीला ओल आल्यावर पडतात तसे.

हारुयो साकुमा या कारखान्यात कित्येक वर्षं बॅटरीच्या सेलमध्ये द्रव भरत होती. पण सेलच्या पोटात सोनं असतं हे तिला आजच कळलं. तिच्या हाताखालून जायचं तेव्हा आतलं ग्राफाइट कोळशासारखं काळं असायचं. भरलेले सेल पलीकडच्या हॉलमध्ये जायचे, तिथे त्यांचं पहिलं चार्जिंग व्हायचं आणि मग त्यांची तोंडं कायमची बंद व्हायची. बंद झालेलं कोण कशाला उघडून बघतंय?

"चार्ज झालं की ग्राफाइट सोनेरी होतं," नेमोतो सांगत होता. विभागप्रमुख म्हणून तो नवाच होता आणि बोलताना अजूनही दर वाक्याला मान लववायचा. "पहिलं चार्जिंग आपण इतकं सावकाश करतो, ते का? तेव्हा ग्राफाइटवर एक पापुद्रा धरतो. सोयाचं दूध मंद आचेवर ठेवलं की वर युबा धरते ना, तसाच. तो पापुद्रा एकदा नीट धरला की सेलला पुढे वर्षानुवर्षं काही होत नाही. जिथे तो नीट धरला नाही, तिथे हे असे डाग. मग आतला द्रव नासत राहतो, वायू होतो, सेल फुगतो."

"फाटकी युबा माझ्या सासूने जन्मात ताटात घेतली नाही," तोकुए कोनो पुटपुटली. बायका खुसखुसल्या. नेमोतोलाही हसू आलं.

फळ्यावर 'का?' हा एकच प्रश्न एकाखाली एक असा पाच वेळा छापलेला होता. काही बिघडलं की का बिघडलं ते विचारायचं, आलेल्या उत्तरालाही पुन्हा 'का' विचारायचं, आणि मुळाशी पोचेपर्यंत थांबायचं नाही, असा तिथला रिवाज होता. त्याला जोडून आणखी एक नियम होता. कारण म्हणून कुणा माणसाचं नाव फळ्यावर लिहायचं नाही. चूक पद्धतीची असते, यंत्राची असते, माणसाची नसते.

पापुद्रा नीट का धरला नाही? द्रवात पाणी होतं म्हणून. पाणी का होतं? भरण्याच्या खोलीतल्या हवेतून शिरलं म्हणून. तिथली हवा ओलसर का झाली?

इथे नेमोतोचा हात थांबला. हवा वाळवणारी यंत्रं तपासून झाली होती. दारांची रबरं बदलली होती. भरण्याची खोली म्हणजे कोरडी खोली. वाळवंटात नसेल इतकी कोरडी हवा तिथे राखायची. पाण्याचा थेंब आत न्यायची बंदी. यंत्रं ठीक असतील, तर पाणी आणणारं तिथे एकच काही उरत होतं, आणि ते फळ्यासमोर उभं होतं. माणसाच्या श्वासात पाणी असतं, घामात पाणी असतं.

मग तोकुए एक पाऊल पुढे आली. बुटकी, अंगाने भरलेली, जिना चढली तरी धाप लागणारी बाई.

"नेमोतो-सान, हे बहुतेक माझ्यामुळे होतंय."

"नाही, नाही, कोनो-सान! तसं कुणीही म्हटलेलं नाही."

"कुणी म्हणायला कशाला पाहिजे? घरी आरसा आहे की." एरवी यावर हशा पिकला असता. "मला घाम फार येतो. सगळ्यांना त्रास झाला. माफ करा."

ती कमरेतून वाकली, आणि नेमोतो "अहो, अहो" करत राहिला तरी वाकलेलीच राहिली. तिच्या मानेवरची बारीक पांढरी लव सगळ्यांना दिसत होती.

नेमक्या त्याच वेळी हारुयोच्या छातीतून ती लाट उठली. गळा, कान, टाळू. आतून कुणी चूल पेटवल्यासारखं. कपाळावर घाम फुटला. तिने रुमाल काढून शिंकल्यासारखं केलं आणि तोंड झाकून घेतलं.

बोलायला हवं होतं ते तेव्हाच. ती बोलली नाही.

*

हे सुरू झालं गेल्या शरदात, आई गेली त्याच सुमाराला. आईचं घर रिकामं करायचं काम हारुयोवर आलं. गाद्या गेल्या, भांडी गेली, लोणच्यावर ठेवायचे दगडसुद्धा शेजाऱ्यांनी नेले. शेवटी फ्रीजचा वरचा कप्पा उघडला तर तो काठोकाठ बर्फाच्या इवल्या पिशव्यांनी भरलेला. केकच्या खोक्यातून, माशाच्या पुडक्यातून येतात त्या, आत निळसर गर असलेल्या. प्रत्येक पिशवी आईने धुऊन, पुसून, ओळीने लावून ठेवलेली. कशासाठी, कोण जाणे. हारुयोने सगळं टाकलं, पण त्या पिशव्या काही टाकवल्या नाहीत. त्या तिने घरी आणल्या.

आई गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या कार्याच्या जेवणाला चियो मावशी दोन पेले साके पोटात गेल्यावर रंगात आली. "तुझी आई तुझ्या वयाची होती ना, तेव्हाची गंमत सांगते. भर जानेवारीत लोणच्याच्या खोलीत जाऊन बसायची. विचारलं तर म्हणायची, 'मुळे उलटवतेय.' कसले मुळे आणि कसलं काय! मी एकदा दार उघडलं तर बाईसाहेब आतला झगासुद्धा उतरवून बसलेल्या, आणि अंगातून वाफा निघतायत! मला म्हणाली, 'कुणाला सांगशील तर बघ.'"

सगळे पोट धरून हसले. हारुयोही हसली. तिला आईला एवढंच विचारायचं होतं, की हे थांबलं कधी. आता ते कुणाला विचारणार?

एका पहाटे निघताना तिने त्यातली एक पिशवी पातळ टॉवेलात गुंडाळली आणि डब्याच्या पिशवीत टाकली. कोरड्या खोलीत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवावा लागे, फक्त डोळे तेवढे दिसत. त्या पोशाखाच्या आत, कमरेला, तिने ती खोचली. लाट आली की पोटावर दाबून धरायची. दिवस सरला. कुणाला काही कळलं नाही. मग दुसऱ्या दिवशीही नेली, तिसऱ्याही.

पिशवी तर सीलबंद आहे, असं ती मनाला सांगायची. पण गोठलेली वस्तू साध्या हवेत काढली की तिला दव सुटतं, हे स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. पोशाख चढवेपर्यंत टॉवेल ओलसर झालेला असे, आणि दुपारी बाहेर येऊन सोडला की पापडासारखा कडकडीत निघे. त्यातलं पाणी गेलं कुठे, हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारला नव्हता. आज नेमोतोने तिसरा 'का' विचारला, तेव्हा तिला त्याचं उत्तर ठाऊक होतं. तोकुए बोलायच्या आधीच ठाऊक होतं.

*

सभेच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तोकुए डबा उघडून बसली होती. भात, खारवलेला मासा, लोणचं. शेजारी चहाचा पेला नव्हता.

"चहा नाही घेत?" हारुयोने विचारलं.

"सोडला. सकाळपासून पाण्याचा घोट नाही घेतला. आत जाणारच नाही, तर बाहेर येईल कुठून?"

"अगं, चक्कर येऊन पडशील."

"पडले तर चौघीजणी लागतील उचलायला, तेवढी काळजी घ्या." तोकुएने कोरडा भात कसाबसा गिळला. "काल रात्री अंघोळीलाही गरम पाण्यात बसले नाही. नवरा म्हणतो, काय झालं, उपासतापास धरलेस का? त्याला सांगितलं, की बाबा, माझ्या घामानं कंपनीचे सेल फुगले."

"काय म्हणाला?"

"काही नाही." तोकुए डब्याकडे बघत राहिली. "बावीस-तेवीस वर्षं झाली लग्नाला, माझ्या जाडेपणावर हसल्याशिवाय त्या माणसाचा दिवस गेला नाही. काल तो हसला नाही गं."

हारुयोच्या कमरेला ती पिशवी होती. सभेनंतरही तिने ती खोचली होती. सवयीने खोचली, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पिशवीतला गर एव्हाना वितळून अंगाइतकाच कोमट झाला होता.

दुपारी कळलं, की तोकुएला उद्यापासून सेल पेट्यांत भरण्याच्या, बांधणीच्या हॉलमध्ये पाठवणार. तिने स्वतःच तसं मागितलं होतं. हारुयोने नेमोतोला बोळात गाठलं.

"नेमोतो-सान, जरा बोलायचं होतं."

"बोला ना, साकुमा-सान."

तिच्या मुलाच्या वयाचा तो. कानाच्या पाळीखाली दाढीच्या वस्तऱ्याची बारीक जखम. ऐकायला तो मनापासून वाकून उभा राहिला. काय सांगणार होती ती त्याला? कसं?

"कोनो-सान... तिकडे थंडी फार असते. बांधणीच्या हॉलमध्ये."

"हो का? मी हीटरचं सांगतो." त्याने खिशातल्या कागदावर लगेच लिहूनही घेतलं. "तुमची मैत्री बघून बरं वाटतं."

ती वाकून आभार मानून निघून गेली.

*

दुसऱ्या दिवशी हारुयोने पिशवी नेली नाही. लाट आली, तेव्हा दात आवळून सेल भरत राहिली. घाम पोशाखाच्या आत पाठीवरून ओघळला आणि आतल्या कपड्यात मुरला. भिंतीवरचा हवेतल्या ओलाव्याचा आकडा तिने दिवसभरात कितीदा पाहिला असेल. तो खाली उतरत होता. कोरडा, आणखी कोरडा. पूर्वी असायचा तिथे तो संध्याकाळपर्यंत परत गेला आणि तिथेच राहिला.

आपण चूक सुधारली, असं तिला त्या संध्याकाळी वाटलं. घरी जाताना अदातारा डोंगरावरचा बर्फ गुलाबी झालेला दिसला, तो तिने थांबून पाहिलाही.

आठवड्याच्या शेवटच्या सभेत नेमोतो हसतच आला. त्याने आकड्यांचा आलेख फळ्यावर लावला. एका दिवसापासून रेघ सरळ खाली गेलेली.

"बघा. परवापासून आकडा अगदी जागेवर आहे. नवे सेल फुगलेले नाहीत. कोनो-सान स्वतःहून बाजूला झाल्या, त्याचे आपण सगळ्यांनी आभार मानले पाहिजेत. नाव लिहायचं नाही म्हणून मी 'खोलीतली माणसं कमी केली' एवढंच लिहितो."

बायकांनी माना डोलावल्या. त्यांच्यातली किनुको म्हणाली, "बिचारी. पण खरंच तिचाच घाम होता म्हणायचा."

हारुयो रेघेकडे बघत होती. तोकुए खोलीतून गेली तो दिवस आणि आपण पिशवी सोडली तो दिवस एकच होता. आपण गुपचूप सुधारलो, आणि त्याच सुधारण्याने तोकुएवर शिक्का बसला. आता मूग गिळून बसलं तर तो शिक्का जन्माचा. नेमोतोने फळ्यावर लिहायला पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "तोकुएमुळे नव्हतं. माझ्यामुळे होतं."

"साकुमा-सान, इथे कुणाचं नाव..."

"नाव नका लिहू. वस्तू लिहा."

ती खाली लॉकरकडे गेली. आज वापरायची नाही हे पक्कं असूनही एक पिशवी तिने घरून आणली होती. बोलायचं झालंच तर दाखवायला, की धीर सुटलाच तर वापरायला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. परत येऊन तिने टॉवेल सोडला आणि ती सभेच्या टेबलावर ठेवली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळसर पिशवीवर आधी धुकं धरलं, मग बारीक थेंब, मग थेंब एकमेकांत मिसळले आणि टेबलावर पाण्याची रेघ उतरली.

"हे रोज आत नेत होते मी. पोशाखाखाली."

नेमोतोचा चेहरा हळूहळू उतरला. "पण का?" हा प्रश्न त्याच्या तोंडून सवयीने गेला, आणि तो मनापासून आलेला नव्हता हे त्याचं त्यालाही कळलं. तो लाल झाला.

"अंगातून जाळ निघतो," हारुयो टेबलावरच्या पाण्याकडे बघत म्हणाली. "वय झालं. बायकांना होतं तसं. सांगायची लाज वाटली."

खोलीत कुणाच्या तरी बुटाचा चरचर आवाज झाला. मग मागून किनुको म्हणाली, "अगं बाई, मग आधी नाही का बोलायचं? मी तर रोज घरून निघताना नळाखाली डोकं धरते."

"म्हणजे तुम्ही केस ओले घेऊन आत येता?" नेमोतो दचकून म्हणाला.

हशा उसळला. थांबेचना. एकीने नुसता बर्फ चघळण्याचं सांगितलं, दुसरीने मुलाच्या खोलीतला पंखा पळवल्याचं. नेमोतोने घाम पुसत फळ्यावर लिहिलं, 'आत जाण्यापूर्वी अंग गार करायला जागा नाही.' त्याला 'का' विचारायची त्याने तसदी घेतली नाही. कोनो-सानना सोमवारी परत बोलावू, असंही तो म्हणाला.

इतकं सोपं होतं. हारुयो हसणाऱ्यांत उभी होती आणि तिला वाटत होतं, निदान एकीने तरी रागाने बघावं.

*

बांधणीच्या हॉलमध्ये तोकुए साध्या कपड्यांत काम करत होती. तिथे पांढरा पोशाख लागत नसे. तोंड बंद झालेले सेल पुठ्ठ्याच्या पेट्यांत मांडायचे, वर झाकण, झाकणावर कागदी लेबल.

"काय गं, वाट चुकलीस?" तोकुए म्हणाली.

हारुयोने सगळं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, कारण लांबवलं असतं तर आपली दया येईल अशी भाषा तोंडातून निघाली असती. तोकुएचे हात चालूच होते. सेल उचलायचा, खाचेत बसवायचा. सांगून संपलं तरी चालूच.

"सोमवारपासून परत ये म्हणतोय नेमोतो."

"हं."

"माफ कर, तोकुए."

"तुला कळलं कधी?"

"गेल्या शरदापासून नेत होते मी ते..."

"ते नाही विचारलं. त्यामुळे होतंय हे कधी कळलं?"

"त्या दिवशी. फळ्यासमोर."

तोकुएचा हात एका सेलवर थांबला. "मी वाकायच्या आधी, की नंतर?"

नंतर म्हणता आलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं.

"आधी," हारुयो म्हणाली.

तोकुएने तो सेल खाचेत बसवला. अंगठ्याने दाबून बघितला. दुसरा उचलला. हॉलमध्ये हीटर घरघरत होता. नेमोतोने सांगितलेलं लगेच झालं होतं.

"उभी काय राहिलीस?" ती म्हणाली. मान वर न करता. "झाकण धर तिकडून."

हारुयोने झाकण धरलं. एक पेटी झाली, दुसरी झाली. मग छातीतून लाट वर चढली, आणि इथे लपवायला पोशाख नव्हता, फडकं नव्हतं, दोन्ही हात झाकणावर गुंतलेले. कपाळावरून घाम नाकावर आला, नाकाच्या शेंड्याला लोंबला आणि पुठ्ठ्यावर टपकला. तपकिरी पुठ्ठ्यावर काळा ठिपका पडला. त्याच्याशेजारी दुसरा.

तोकुएने ते पाहिलं. पुसलं नाही. हातातलं लेबल तिने त्या ओल्या जागेवरच ठेवलं. कोपरा चिकटेना, वर येऊ लागला, तसा तिने त्यावर अंगठा टेकवला आणि तो बराच वेळ तसाच दाबून धरला.